आनंदघन: चार चित्रपट, एक टोपणनाव आणि गाणाऱ्या बहिणी

आजचा विषय कोल्हापूरकरांना परका नाही. उलट इतका जवळचा आहे की त्याकडे नीट पाहायचं राहून गेलं, असं आम्हांला वाटतं. १९६३ ते १९६९ या सात वर्षांत 'आनंदघन' नावाच्या संगीतकाराने मराठीत चार चित्रपटांना संगीत दिलं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती'. चारही चित्रपट भालजी पेंढारकरांचे. त्यानंतर हे नाव पडद्यावरून गेलं. सात वर्षांची कारकीर्द, आणि तीही एकाच दिग्दर्शकापुरती. पण त्यातली किमान अर्धा डझन गाणी आज साठ वर्षांनीही लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आरासीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजतात.

आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ठाऊक असल्यामुळेच त्यातला प्रश्न हरवतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे नाव आणि वस्तू यांचं नातं दिसलं की आमचं पाऊल तिथे अडखळतंच. ज्या बाईचं नाव त्या काळी भारतभर सर्वांत मोठं होतं, तिने ते नाव बाजूला का ठेवलं? आणि ते बाजूला ठेवणं तिला जमलं, तसं इतर गाणाऱ्या बायकांना जमलं असतं का? आजचं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी थोडा बाहेरचा संदर्भ घेऊ, कारण साठचं दशक हे जगभरच मुलींच्या एकत्र गाण्याचं दशक होतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात पॅसेइक नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतल्या चार मैत्रिणी 'शिरेल्स' या नावाने गाऊ लागल्या, आणि जानेवारी १९६१ मध्ये त्यांचं गाणं तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हे स्थान प्रथमच मिळत होतं. मग अशा गटांची रांगच लागली. 'क्रिस्टल्स' आल्या. 'रोनेट्स' आल्या, म्हणजे दोन सख्ख्या बहिणी आणि एक नात्यातली बहीण असं घरचंच त्रिकूट. बहुतेकींची भरभराट तीन ते पाच वर्षं टिकली. रोनेट्सचं सगळ्यांत गाजलेलं गाणं १९६३ चं, आणि १९६७ पर्यंत गट विस्कटलाही.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढे ती आपल्याला लागणार आहे. १९६२ साली क्रिस्टल्सच्या नावाने एक रेकॉर्ड निघाली आणि ती पहिल्या क्रमांकावर गेली. पण ते गाणं क्रिस्टल्सनी गायलेलंच नव्हतं. निर्माता होता फिल स्पेक्टर. त्याला घाई होती. क्रिस्टल्सच्या मुली होत्या न्यूयॉर्ककडे आणि ध्वनिमुद्रण होतं लॉस एंजेलिसला. त्याने डार्लीन लव्ह आणि तिच्या 'ब्लॉसम्स' या गटाकडून गाणं गाऊन घेतलं आणि रेकॉर्डवर नाव छापलं क्रिस्टल्सचं. ज्यांचं नाव होतं त्यांचा आवाज नव्हता, आणि ज्यांचा आवाज होता त्यांचं नाव नव्हतं. क्रिस्टल्सना तर कोणी विचारलंही नाही. नाव कोणाच्या गळ्यात बांधायचं, हे ठरवणारा माणूस तिसराच होता.

हे अमेरिकेतच घडलं असं मात्र समजू नका. आपल्याकडे त्याच्याही आधी घडलंय. मुंबई रेडिओवर सुरुवातीच्या काळात 'होमजी सिस्टर्स' नावाने पारशी बहिणींचे गाण्या-वाजवण्याचे कार्यक्रम होत. त्यांतल्या खुर्शीद होमजी यांना हिमांशू रॉय यांनी बॉम्बे टॉकीजमध्ये संगीतासाठी आणलं. पारशी समाजातून मोठा विरोध झाला: आपल्या मुली सिनेमात कशा? तेव्हा खुर्शीदबाई झाल्या 'सरस्वतीदेवी', आणि त्यांची बहीण माणेक झाली 'चंद्रप्रभा'. १९३६ च्या 'अछूत कन्या'चं संगीत याच सरस्वतीदेवींचं. म्हणजे हिंदी चित्रपटसृष्टीतल्या अगदी पहिल्या स्त्री-संगीतकारांपैकी एक बाई टोपणनावानेच वावरली. ते नाव तिला हौसेने नव्हे, लोकांच्या दबावामुळे घ्यावं लागलं.

लताबाईंच्या बाबतीतही सुरुवात अशीच आहे. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. त्यातलं 'आयेगा आनेवाला' हे गाणं देशभर गाजलं. पण त्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय होतं? 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! त्या काळची पद्धतच तशी होती. आवाज पात्राचा समजायचा, गाणारी बाई कोण हे विचारायचं नाही. रेडिओवर गाणं लागल्यावर श्रोत्यांची पत्रं येऊ लागली की ही गाते कोण. रेडिओने कंपनीला विचारलं, तेव्हा कुठे खरं नाव लोकांना कळलं.

त्यानंतर पंधरा-एक वर्षं या बाईने नावासाठी आणि नावामागच्या हक्कासाठी भांडण मांडलं, असंच म्हणावं लागेल. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, तेव्हा समारंभात त्यातलं गाणं गायला त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पारितोषिक तुम्ही संगीतकाराला देता, गायिकेला देत नाही, मग वाद्यांवरच वाजवून घ्या. १९५९ पासून पार्श्वगायनासाठी वेगळं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, 'मधुमती'साठी. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी मिळावी या मागणीवरून त्यांचा महंमद रफींशी मतभेद झाला आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं म्हटलं नाही.

आणि नेमक्या याच काळात, १९६३ साली, ही बाई संगीतकार म्हणून दुसरं नाव घेते. नाव मिळवण्यासाठी भांडणारी बाई नाव झाकून ठेवते! हा विरोधाभास समजून घ्यायचा असेल तर आपल्याला कोल्हापूरला यावं लागतं.

कोल्हापूरच्या सिनेमाचा इतिहास इथल्या श्रोत्यांना वेगळा सांगायला नको. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. प्रभात १९२९ साली इथेच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ पुण्यात वारले. तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. मागे मीना, आशा, उषा आणि धाकटे हृदयनाथ. घराला आधार दिला मास्टर विनायकांनी. त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नोकरी म्हणून लताबाई कोल्हापूरला आल्या आणि १९४५ मध्ये कंपनीबरोबर मुंबईला गेल्या. प्रफुल्लच्याच 'माझं बाळ' या १९४३ च्या चित्रपटात आशाबाईंचं पहिलं चित्रपटगीत आहे, दत्ता डावजेकरांच्या चालीवरचं. म्हणजे या बहिणींच्या सिनेमातल्या गाण्याचा पाया इथला आहे, आणि तो पोटासाठी घातलेला आहे. हौसेची गायन-मंडळी ती नव्हती.

भालजी पेंढारकरांशी या घराचा संबंध जिव्हाळ्याचा होता. कोल्हापूरकर त्यांना भालजीबाबा म्हणत. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यांनी तो कर्ज काढून पुन्हा उभा केला. त्या कर्जाचं ओझं पुढे फार वर्षं राहिलं आणि अखेर स्टुडिओची मालकी लताबाईंकडे गेली. या व्यवहाराबद्दल आपल्या गावात बरंच बोललं गेलंय, त्यात आज शिरायला नको. एवढंच लक्षात घेऊ की 'मोहित्यांची मंजुळा'च्या वेळी भालजी आर्थिक सुस्थितीत नव्हते, आणि त्यांना संगीतकार हवा होता.

लताबाईंनी पुढे मुलाखतींत सांगितलेली हकिकत अशी की भालजींना हवे ते संगीतकार मोकळे नव्हते, तेव्हा आपणच म्हटलं, मी करते. याआधी पन्नासच्या दशकात 'राम राम पाव्हणं'ला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिलेलं होतं. पण भालजींना काळजी वाटली. गाणी पडली तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा लागायचा. तेव्हा टोपणनावाचा मार्ग निघाला. 'आनंदघन' हा शब्दच पाहा. संतांच्या वळणाचा आहे. आनंदाचा मेघ. त्यात ना पुरुष कळतो, ना बाई, ना आडनाव, ना गाव.

इथे एक गंमत आहे. मंगेशकरांच्या घरात नाव ही जन्माने चिकटलेली वस्तू कधी नव्हतीच. 'मंगेशकर' हे आडनाव दीनानाथांनी मंगेशी गावावरून घेतलेलं. लताबाईंचं जन्मनाव हेमा. 'भावबंधन' नाटकातल्या लतिका या पात्रावरून त्या लता झाल्या. आणि स्वतः भालजी? ते 'योगेश' या टोपणनावाने गीतं लिहीत. 'अखेरचा हा तुला दंडवत' हे गीत योगेश यांचं. म्हणजे दिग्दर्शक एका टोपणनावाने गीत लिहितो, गायिका दुसऱ्या टोपणनावाने त्याला चाल लावते आणि मग स्वतःच्या नावाने ते गाते. पडद्यावर नावं तीन, माणसं दोन.

आता गाण्यांकडे येऊ. आनंदघन हे नाव एकीचं असलं तरी या चित्रपटांतलं गाणं घरातल्या सगळ्यांचं आहे. १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये 'रेशमाच्या रेघांनी' आशाबाई गातात, 'शूर आम्ही सरदार' हृदयनाथ गातात, 'दंडवत' लताबाई गातात; उषाबाईंचाही आवाज या चित्रपटांत आहे. यातली पहिली दोन्ही गीतं शान्ता शेळके यांची. बहिणींच्या एखाद्या गटाचं नाव पाटीवर लिहिलं नव्हतं, पण काम गटाचंच होतं. आणि चाल देणारीला कोणत्या गळ्यात काय शोभतं हे लहानपणापासून माहीत होतं. आशाबाईंना लावणीचा नखरा, हृदयनाथांना वीरश्रीचा टिपेचा सूर, स्वतःला निरोपाची संथ चाल. स्वतः संगीतकार असूनही सगळी गाणी तिने स्वतःकडे ओढली नाहीत, हे आम्हांला महत्त्वाचं वाटतं.

१९६५ चा 'साधी माणसं' हा या कारकिर्दीचा कळस. जयश्री गडकर आणि सूर्यकांत, लोहाराचं जोडपं. 'ऐरणीच्या देवा' लिहिलं जगदीश खेबुडकरांनी. तेव्हा ते कोल्हापुरात शिक्षक होते. हे गाणं म्हणजे कामाचं गाणं आहे. आपल्याकडे बायकांनी गाणं शिकलं ते कुठे? जात्यावर, मोटेवर, भलरीत, पाळण्यापाशी. श्रमाची लय आधी, सूर मागून. या गाण्याची चाल घणाच्या आणि भात्याच्या लयीवर बसलेली आहे. ठोका पडतो आणि सूर त्याच्यावर तोल सांभाळतो. त्यात वाद्यमेळाचा डौल मिरवलेला नाही. ज्या गायिकेकडून देशातले मोठे संगीतकार अवघडातल्या अवघड जागा गाऊन घेत होते, तिने स्वतः चाल देताना इतकी सोपी वाट निवडली की खेड्यातल्या कुठल्याही बाईला ती गाता यावी. 'मोहित्यांची मंजुळा'तलं 'बाई बाई मन मोराचा' घ्या, तिथेही हेच. टोपणनावाने तिला ही मोकळीक दिली असेल का? आमचा अंदाज आहे, दिली असावी. लता मंगेशकरांनी संगीत दिलंय म्हटल्यावर लोकांनी काहीतरी भव्य मागितलं असतं. आनंदघनाकडे कोणाचं काही मागणं नव्हतं.

मग आला तो प्रसिद्ध प्रसंग. महाराष्ट्र राज्य चित्रपट पारितोषिकांत 'साधी माणसं'ला बरीच पारितोषिकं मिळाली. उत्कृष्ट संगीताचं पारितोषिक आनंदघन यांना जाहीर झालं. आनंदघन उठेनात. लताबाई सभागृहातच होत्या, गप्प बसून. शेवटी सांगितलं गेलं की आनंदघन इथेच आहेत, आणि त्यांचं नाव लता मंगेशकर. गायनाचं पारितोषिकही त्यांनाच होतं. हा प्रसंग अनेकांनी अनेक वेळा सांगितलाय, आणि सांगताना सगळे हसतात. आम्ही वर्गात तो वेगळ्या कारणासाठी सांगत असू.

गॉटलोब फ्रेगे नावाचे जर्मन तत्त्वज्ञ. १८९२ सालच्या एका निबंधात त्यांनी प्रश्न घातला. पहाटे दिसणारी तेजस्वी चांदणी आणि संध्याकाळी दिसणारी तेजस्वी चांदणी, दोन्ही एकच, शुक्र. 'पहाटेची चांदणी म्हणजे पहाटेची चांदणी' या वाक्यातून काहीच कळत नाही. पण 'पहाटेची चांदणी म्हणजे संध्याकाळची चांदणी' हे वाक्य मात्र शोध आहे. ते कळायला आकाशाकडे पाहावं लागलं. वस्तू एकच, तरी दुसऱ्या वाक्याने ज्ञानात भर पडते. कारण नाव फक्त वस्तूकडे बोट दाखवत नाही. ती वस्तू आपल्याला कोणत्या बाजूने दिसली, तेही ते नाव सांगतं.

'लता मंगेशकर म्हणजे आनंदघन' हे त्या दिवशी सभागृहाला कळलं ते असंच ज्ञान होतं. तोवर लोकांना ही बाई एका बाजूने दिसली होती: गळा. दुसऱ्याने रचलेलं गाणारी. त्या दिवशी दुसरी बाजू दिसली: रचणारी. आणि महत्त्वाचं हे की परीक्षकांनी संगीताला दाद दिली ती नाव न बघता. मोठ्या नावाच्या वजनाने पारडं झुकलं, असं कुणाला म्हणता येऊ नये, याची व्यवस्था टोपणनावाने आपोआप केली.

बरं, मग कारकीर्द एवढी छोटी का? लताबाईंना वेळ नव्हता, हे उघड कारण. 'मोहित्यांची मंजुळा' आला त्याच वर्षी, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीत त्यांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायलं. मुंबईतल्या ध्वनिमुद्रणांना सकाळ-संध्याकाळ पुरत नव्हती. दुसरं कारण असं की आनंदघन हा व्यवसाय नव्हताच. ते एका घराने एका माणसासाठी केलेलं काम होतं. १९६९ मध्ये कुस्तीच्या मातीवरचा 'तांबडी माती' आला. दादा कोंडके याच चित्रपटातून पडद्यावर आले. आणि आनंदघन थांबले. हिंदीत हे नाव कधी गेलंच नाही. त्याच सुमारास मीनाताई खडीकर स्वतःच्या नावाने संगीत देत होत्या. १९६१ चा 'माणसाला पंख असतात' त्यांचा, आणि पुढची 'सांग सांग भोलानाथ'सारखी बालगीतंही त्यांचीच. एकाच घरात एक बहीण नाव लावून चाल देते, दुसरी नाव काढून. दोघींनाही घरात तशी मोकळीक होती.

आता मघाचा दुसरा प्रश्न. ही मोकळीक सगळ्या गाणाऱ्या बायकांना होती का? नव्हती. शेक्सपिअरच्या तोंडचं 'नावात काय आहे' हे वाक्य आपण फार सहज वापरतो. ज्याच्याकडे नाव आहे त्यालाच ते म्हणणं परवडतं. लताबाईंनी टोपणनाव घेतलं, कारण त्यांच्याकडे झाकून ठेवण्याजोगं नाव होतं आणि हवं तेव्हा ते परत उघडता येत होतं. डार्लीन लव्हला ती सोय नव्हती. रोनेट्सना आपल्या गाण्यांच्या पैशांसाठी पुढे कोर्टात जावं लागलं, आणि २००२ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने करारावर बोट ठेवून बरंचसं माप निर्मात्याच्या पदरात टाकलं. खुर्शीद होमजींना पाठीमागे परतीची वाट फारशी नव्हती.

आणि सगळ्यांत जवळचं उदाहरण तर आपल्या कानातच आहे. या चारही चित्रपटांतली समूहगीतं ऐका. लताबाई, आशाबाई, उषाबाई यांच्या मागे आणखी मुलींचे आवाज आहेत. रेकॉर्डच्या लेबलावर त्यांच्यासाठी दोनच शब्द असत: 'आणि कोरस'. किंवा 'आणि साथी'. साठच्या दशकातल्या मराठी गाण्यात मुलींचा खरा गट कुठला म्हणाल, तर तो हा. वर्षानुवर्षं गायलेला, असंख्य रेकॉर्डांवर असलेला, आणि नाव नसलेला.

आपल्या परंपरेत हे कोडं आधी एकदा सुटलेलं आहे, हे जाता जाता सांगतो. आपल्या संतकवयित्रींनी नाव गाण्याच्या आतच विणलं. जनाबाईंची 'जनी म्हणे' ही नाममुद्रा छापखान्याच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. शेकडो वर्षं ओव्या-अभंग तोंडोतोंडी फिरले तरी दासी म्हणवणाऱ्या बाईचं नाव गळलं नाही, कारण नाव गळालं तर चरणच मोडतो. रेकॉर्डच्या लेबलाने ही सोय काढून घेतली. नाव गाण्याबाहेर आलं, कागदाच्या गोल चकतीवर, आणि तिथे काय छापायचं हे कंपनीच्या हाती गेलं.

म्हणून आमचं मागणं छोटं आहे. आनंदघन कोण हे आपण शोधून काढलं, त्याचे किस्से केले, ते योग्यच झालं. आता 'आणि कोरस' म्हणजे कोण, हेही विचारूया. त्या मुली आज ऐंशीच्या घरात असतील. कोणाची आई असेल, मावशी असेल, शेजारच्या आजी असतील. 'मी एकदा लताबाईंच्या मागे उभी राहून गायले होते' असं त्या कधी सांगत असतील, तर ते हसण्यावारी नेऊ नका. गाणं कोणतं, साल कोणतं, बरोबर कोण होत्या, हे एका वहीत लिहून घ्या. आनंदघनाचं नाव एका समारंभात एका क्षणात उघड झालं. या बायकांसाठी तसा समारंभ होणार नाही. त्यांची नावं आपल्यालाच घरोघर जाऊन लिहून घ्यावी लागतील, आणि त्याला आता फार वर्षं हाताशी नाहीत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.